नरवरजवळचे दोन किलोमीटर

उज्जैन, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय जयूताई,

साष्टांग नमस्कार. संक्रांतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. डायरी रोज लिहिते, पण ती उलट काही विचारत नाही, म्हणून सोपी जाते. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? माझे दोन्ही आठवडाभर संपावर होते, आणि त्याचीच ही हकीकत.

घटस्थापनेला आपल्या मंडळाची ज्योत देवासच्या देवीच्या टेकडीवरून इथवर पळत येते, हे तुला ठाऊकच आहे. दर दोन किलोमीटरला हात बदलतात, आग तीच. पुढे घटापाशी नऊ दिवस तीच तेवते. आजवर पुरुषच पळाले. यंदा बायकांना एक टप्पा द्यायचं ठरलं (म्हणजे मी चार बैठकांत तेच ते बोलले आणि लोकांना जेवायला घरी जायचं होतं). मिळाला तो वाटेतल्या नरवर गावाजवळचा, भर उन्हातला. त्यासाठी मी तीन महिने कोठी रोडवर पळण्याचा सराव केला. शेजारच्या कल्पनाताई रोज फाटकातून विचारायच्या, "क्यों विजया, कोण मागे लागलंय?"

आपले अध्यक्ष भय्यासाहेब मागच्या जीपमध्ये भोंगा घेऊन बसले होते. स्वतः पाऊलभरही पळाले नाहीत, पण संध्याकाळी शाल त्यांनाच. (मला शाल नको होती. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.) माझा टप्पा सुरू झाला आणि जीप कचोरीसाठी थांबली. दीड किलोमीटर मी एकटी. मग जीप आली, भय्यासाहेब उतरले. म्हणाले, "विजयाबाई, दोन मिनिट द्या, एक फोटो होऊन जाऊ दे." ज्योत हातात घेतली आणि चेहऱ्यावर ऊन यावं म्हणून वळले ते नेमके वाऱ्याकडे. ज्योत फट्कन विझली. त्यांनी खिशातून लायटर काढला (सिगरेट सोडून चार वर्षं झाली म्हणून आपण त्यांचा सत्कार केला होता), पेटवली आणि म्हणाले, "चलो, चलो! देवी सब समझती है." त्या लायटरला मंडळाने नऊ दिवस हात जोडले.

आता ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की बायकांच्या टप्प्यात ज्योत विझली. भय्यासाहेबांनी खाली लिहिलं, "भगिनींना दोष देऊ नका, ज्योत जड असते." केवढं हे मोठं मन! उद्याच्या बैठकीत ठराव आहे: पुढच्या वर्षी बायकांनी इथल्या देवास गेटवर रांगोळी काढून ज्योतीचं स्वागत करावं. तुझ्या लेकीने, निहारिकेने, पुढच्या वर्षीसाठी आत्तापासून नाव दिलंय, बूटही आणलेत. तिला काय सांगू?

तुझी
विजया

ता. क. खरं काम आता लिहिते. निहारिका त्या दिवशी इथे आली होती ना, ती जीपमधून मोबाइलवर शूटिंग करत होती. त्यात लायटर नक्की आला असेल. तेवढा व्हिडिओ मला आज पाठवायला सांग.

ता. क. २. नको, पाठवायला सांगू नकोस. आला तर मी तेवढाच दाखवीन, माझं मला माहीत आहे. ताई, जीप कचोरीपाशी होती तेव्हा एक ट्रक गेला आणि ज्योत माझ्याही हातात विझली. रस्त्याकडेच्या चहावाल्याच्या भट्टीवर पेटवून घेतली. तो म्हणाला, "माताजी की है तो जूते उतारो, बहनजी." मी बूट काढले, पेटवली, बूट घातले आणि पळाले. म्हणजे देवासची आग भय्यासाहेबांपर्यंत पोचलीच नव्हती. त्यांनी विझवला तो चहावाल्याचा जाळ. हे डायरीतसुद्धा लिहिलेलं नाही. उद्या मी फक्त लायटरचं सांगून भट्टीचं लपवलं तर टप्पा खोटेपणाने वाचेल, तेही सांगितलं तर कदाचित जाईल, आणि निहारिकेचे बूट माझ्यामुळे कोरे राहतील. तिला हे पत्र वाचून दाखव. रागावली तर रागावू दे.

उद्याचं काम: बैठकीत आधी भट्टीचं सांगणे, लायटरचं नंतर.