त्या फोटोत मी हसते आहे

प्रिय अप्पा,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. तुम्ही फ्रेमचं दुकान बंद करून संध्याकाळी फोन करता, तोवर तुम्ही लाडाने 'भोंगा' म्हणता तो माझा आवाज नाकातून यायला लागलेला असतो. शब्द एकमेकांत अडकतात. मग मी "बरं, ठेवते" म्हणून मोकळी होते आणि तुम्हाला वाटतं, पोरगी तुटक वागते. सकाळी मात्र हातात चांगला जोर असतो, म्हणून लिहायला बसले.

शाळा छान चालली आहे. मुख्याध्यापकबाईंनी माझे तास सकाळचे करून दिले. मी बसून शिकवते, फळ्यावर मुलीच लिहितात. माझी डावी पापणी खाली आली की पहिल्या बाकावरची एक आगाऊ पोर जाहीर करते, "बाईंचं शटर पडलं, आता वाचन." आणि सगळा वर्ग निमूट पुस्तकं उघडतो.

आई माझ्या आजाराला "अशक्तपणा" म्हणते आणि बदाम पाठवते. तसं नाही ते, अप्पा. त्याचं नाव मायस्थेनिया. मेंदूचा निरोप नसांमधून स्नायूपर्यंत येतो, पण दाराशी माझ्याच शरीराचे राखणदार त्याला अडवतात. कुंपणानेच शेत खावं, तसं. स्नायू वापरावा तसा थकत जातो, विसावा दिला की पुन्हा उठतो. हा आजार कायमचा जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण गोळ्यांनी आवरता येतो. मीही त्याच्या कलाने घ्यायला शिकले. आधी गोळी, मग जेवण. नाहीतर अर्ध्या पोळीतच जबडा संपावर जातो.

पण बोलायचं आहे ते पदवीच्या फोटोबद्दल. आपल्या घरातली पहिली पदवी. गल्लीतल्या साऱ्या पोरांचे तसले फोटो तुम्ही फ्रेममध्ये बसवलेत, माझा मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलात. का, ते आईच्या तोंडून काल निसटलं. तुम्ही तिला म्हणालात, "आपल्याशेजारी उभं राहायची लाज वाटली तिला. तोंड बघ." माझ्याकडची प्रत मी काढून पाहिली. ओठ वाकडा, डोळे अर्धे मिटलेले. कुणालाही तसंच वाटलं असतं. आजाराचं नाव तर पुढे कळलं.

त्या दिवशी सकाळपासून मैत्रिणींबरोबर खिदळून, रांगेत ताटकळून चेहऱ्यातलं त्राण संपलं होतं. मग तुम्ही आलात. नवा सदरा, नखांतला सरस घासून काढलेला. माझा झगा खांद्यावर सरळ केलात आणि भिंतीवर फ्रेम लावल्यावर जाता तसे दोन पावलं मागे जाऊन पाहिलंत. डोकं हलवलंत, येऊन शेजारी उभे राहिलात. अप्पा, तेव्हा माझ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं मी हसले. ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच.

रविवारी तुम्ही दोघं येणार. आई म्हणते, गोळी घेतल्यावर नवा, हसरा फोटो काढू. काढू की. पण माझ्या टेबलावर मला तो जुनाच हवा आहे, तुमच्या हातच्या फ्रेममध्ये. काच बसवण्याआधी एकदा नीट बघा. मी हसते आहे. आता तुम्हाला दिसेल. आणि सकाळच्या गाडीने या. सकाळी माझा आवाज पूर्वीसारखाच असतो. अप्पा आले, हे अख्ख्या जिन्याला कळेल.

तुमचाच,
भोंगा