न फोडता मोजलेलं पोवळं

लक्षद्वीप, फेब्रुवारी १९८५

प्रिय आईस, बलभीमचा जयभीम.

मी खुशाल आहे. पाण्यात गुडघाभरच उतरतो. कानाला दडे बसलेत ते वाऱ्यानं. येरमाळ्यात विहिरीला पाणी हाय का? खरं कळव.

इथं समुद्रात पोवळ्याचे भाऊबंद आहेत, जिवंत दगडच. वाढ मोजायला आमचे संशोधक साहेब छिन्नीनं त्यांचे तुकडे तोडायचे. मी म्हणालो, "फोटो काढून मोजू."

साहेब हसले. "दुष्काळी माणसा, तुला समुद्र काय कळतो?"

"बाहत्तरला आईसंगं लई खडी फोडली, साहेब. फोडलेला दगड वाढत न्हाय, एवढं कळतं."

वर्षभर एकाच जागेवरून, फूटपट्टी ठेवून फोटो काढले. काल जुना-नवा फोटो शेजारी मांडला. दगड ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा वाढलाय!

साहेबांची छिन्नी आता नारळ फोडते.

तुझाच,
बलभीम