तूवाची ब्रेक नसलेली सायकल

तूवा बये,

शर्यतीत लाकडी ट्रॅकवर आपटून तू खांद्याचं हाड मोडून घेतलंस, तेव्हापासून तुझी आई माझ्या मानगुटीवर बसली आहे. "आई, सायकल सोड म्हणून तिला लिही. फोनवर ती हसण्यावारी नेते. अगं, त्या सायकलला ब्रेकसुद्धा नसतो."

मी म्हटलं, "कारीन, मी दुकानातून बटाटे आणते त्या पायाने रेटायच्या बर्फगाडीला तरी कुठे ब्रेक आहे? तीवरूनच तू उतारावर खिदळत सुटायचीस."

अर्धी कॉफी टाकून गेली. आपल्याकडे ही शिवीच.

म्हणून लिहायला बसले. पण काल तू फोनवर सांगत होतीस, गळ्यात हात बांधूनही घरातल्या घरात, जागच्या जागी उभ्या सायकलवर पायडल मारतेस म्हणून. शाळेत कुणी हाक मारली तरी भिंतीला चिकटणारी पोर तू. काल मला बोलूच देत नव्हतीस. आता 'सोड' हा शब्द माझ्याने लिहवत नाही.

हे पत्र चुलीत घालते. कारीनला सांगेन, पाठवलं, पोरगी ऐकत नाही. भीती मलाही वाटते, पण ती माझी मी सांभाळेन. तुझ्या पाठीवर कशाला लादू?

तुझी खाष्ट आजी,
गुन्वोर