सोलापूर अर्जंट, घे

आई, मी काय काम करते हे तुला कधी सांगताच आलं नाही. तू गेलीस तेव्हा मी नोकरीच्या शोधात वणवण करत होते, आणि ज्या कामात पुढं माझा जन्म गेला त्याचं नावही तेव्हा आपल्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. आता रिटायर व्हायला आले. चष्म्याची भिंगं जाड झाली आहेत. ऑफिसातली पोरं तोंडावर मॅडम म्हणतात आणि माझ्या तोंडून चुकून ‘लई’ निसटलं की एकमेकांकडं बघून हसतात. हसू देत. त्यांना काम मी शिकवते, हे ती विसरत नाहीत तोवर माझी काही तक्रार नाही.

काम असं आहे. इंटरनेटवरून कुणी काही पाठवलं की ते कोणत्या वाटेनं पुढं द्यायचं हे ठरवणारा एक प्रोग्रॅम आमच्या मशीनवर कायम चालू असतो. त्याला डीमन म्हणतात. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, रंगीत चित्रं नाहीत. तो आपला मागं बसून राबतो. त्याच्याशी बोलायचं तर काळ्या पडद्यावर एकेका ओळीत आज्ञा टाइप करायची. शेजारी दाखव म्हटलं की तो त्याचे सगळे शेजारी दाखवतो: कोण जोडलेला आहे, कधीपासून, त्याच्याकडून किती वाटा कळल्या. हो, जोडलेल्या दुसऱ्या मशीनवरच्या डीमनला शेजारीच म्हणतात. कारण सगळ्या जगाचा नकाशा त्याच्याकडं नसतो. शेजारी सांगतो, अमक्या गावाला माझ्याकडून जाता येतं, आणि हा त्याच्यावर विश्वास ठेवतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी एवढंच बजावते, की आधी विचारायच्या आज्ञा शिका, बदलायच्या नंतर. तरी एखादा शहाणा आधी हात चालवतोच, आणि मग तोंड पाडून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो.

तुझा टेलिफोनचा बोर्ड मला रोज आठवतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आठवतो तेव्हा सगळा आठवतो. तुळजापूरच्या पोस्टातली मागची खोली, पत्र्याची झळ, कानाला तो जड हेडफोन, ज्यातलं बोलणं शेजारी बसलेल्या मलाही ऐकू यायचं, आणि समोर भोकांच्या रांगा. एका हातानं तू कॉर्ड ओढतेस, दुसऱ्या हातानं हँडल फिरवतेस, आणि कुणाचा तरी आवाज कुठल्या कुठं जोडून देतेस. मी कॉलेजात होते त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. फोनवर दुसरा विषय नाही: टँकर, कडबा, सोसायटीचं पत्र, कलेक्टर ऑफिसातला साहेब जागेवर आहे का. लॉजवाले आणि पुजारीसुद्धा यात्रेकरूंपेक्षा पाण्याचंच जास्त बोलत. तुला सगळे ताई म्हणत. त्यातले काहीजण तू वेशीबाहेरच्या आपल्या वस्तीतली आहेस हे कळल्यावर काउंटरवर पैसे हातात न देता कडेला ठेवत, आणि घरी जाऊन परत फोनवर, ताई, जरा सोलापूर बघा ना, असे लाडात येत. तू हसायचीस. मला मात्र त्यांचा कॉल कट करावासा वाटायचा.

एकीचं मात्र तसं नव्हतं. नळदुर्गच्या एक्स्चेंजवरची बाई. तू तिला कधी पाहिलं नव्हतंस आणि तिनं तुला. रोज सकाळी लाईन तपासायची म्हणून तू हँडल फिरवायचीस आणि म्हणायचीस, "तुळजापूर बोलतंय. नळदुर्ग, येतंय का?" पलीकडून ती, "येतंय गं बाई, खणखणीत येतंय. भाकरी झाली का?" की मग सुरू. तिच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं, माझे मार्क, कुठल्या विहिरीला किती पाणी उरलं. तिनं दर संक्रांतीला तुला वाण घ्यायला बोलवलं आणि दर संक्रांतीला तुझी ड्यूटी निघाली. का निघाली हे तू मला सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आवाजात सगळं छान चाललं होतं, ते मोडायचं तुझ्या जिवावर येत असणार.

तुमच्या दोघींत कामाची भाषाही तोकडी झाली होती. तुझ्याकडून सोलापूरला थेट लाईन, तिच्याकडूनही थेट. जिची लाईन बिघडली किंवा जिच्याकडं गर्दी झाली, ती दुसरीला म्हणायची, "सोलापूर अर्जंट, घे." दुसरी म्हणायची, "घेतलं." कॉल कुणाचा, कुठून आला, का देतेस, काही नाही. नियमानं सगळं सांगायला हवं होतं. पण नियम परक्यांसाठी असतात असं तुम्हाला वाटायचं. एकमेकींवर भरवसा होता, म्हणून तुम्ही विचारणं सोडून दिलं होतं.

तो दिवस मी पाहिला. कॉलेजला सुट्टी होती, मी तुझा डबा घेऊन आले आणि उन्हाला भिऊन तिथंच बसून राहिले. सकाळपासून नुसता धुळीचा वारा. दूध सोसायटीचा एक माणूस आला, सायकलला रिकामा कॅन लटकवलेला. त्याचा बाप सोलापूरला दवाखान्यात होता. पुतण्या तिथल्या फोनपाशी थांबणार होता. बापाची तब्येत कशी आहे ते विचारायचं आणि लागलंच तर निघायचं, असा त्याचा बेत. तुझी सोलापूरची लाईन मेलेली. तू नळदुर्गला म्हणालीस, "सोलापूर अर्जंट, दवाखाना हाय, घे." ती म्हणाली, "घेतलं." तो बाकावर बसला. थोड्या वेळानं उठला आणि खिडकीशी आला.

"ताई, यष्टी सुटाया लागलीया. जाऊ का थांबू?"

"थांबा दादा," तू म्हणालीस. "नळदुर्गला दिलाय, आता लागंल. दोन शब्द बोलून मग जावा की."

तो थांबला. एसटी गेली.

मग तुझी लाईन आली. लॉजवाले, सोसायटीचे, सगळे तुंबलेले कॉल तू एकेक करून लावू लागलीस. तेवढ्यात नळदुर्गची हाक आली, "सोलापूर अर्जंट, दवाखाना हाय, घे." तू म्हणालीस, "घेतलं." तुला वाटलं तिच्याकडं गर्दी झाली असेल, तिच्या कुणा माणसाचा असेल. तो तू तुझ्या रांगेत शेवटी लावलास. त्याची पाळी येण्याआधी तुझी लाईन परत गेली, म्हणून तू उरलेले सगळे कॉल तिला दिलेस. तिची लाईन येई-जाई करत होती, तिनं पुन्हा तुला दिले. दर फेरीला तो कॉल नवा होऊन रांगेच्या टोकाला जात होता. आणि ज्याचा होता तो तुझ्या समोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. तू मधून मधून मान वळवून त्याला सांगत होतीस, "नळदुर्गकडं हाय दादा, लागंल आता."

दुपार कलली तेव्हा सोलापूरहून आलेल्या गाडीतून त्याच्या गावचा एकजण उतरला. तो पोस्टाच्या दारात येऊन थांबला. बाकावरचा माणूस त्याच्याकडं बघून उठला. बाप दुपारी गेला होता. शेवटपर्यंत त्यालाच हाक मारत होता म्हणे. तो माणूस तुला काही लागेल असं बोलला नाही. जाताना उलट म्हणाला, "तुमी तरी काय करणार ताई. लाईनच न्हाय तर."

त्याच्या मागून तू हँडल फिरवलंस.

"माझा दवाखान्याचा कॉल का न्हाय लावलास गं?"

"अगं, तुलाच परत दिला की मगाशी!"

"तो तर तुझ्याकडच्या माणसाचा व्हता."

मग ती म्हणाली, "माझ्याकडं आज दवाखान्याचं कुणी आलंच न्हाय, बाई."

मी तुझं तोंड पाहिलं. ते मला अजून पाहवत नाही.

पुढं चौकशी झाली. साहेबांसमोर तू सांगितलंस, मी कॉल नळदुर्गला दिला होता. तिनं सांगितलं, मी तो तुळजापूरला परत दिला होता. दोघींचंही खरं होतं. पण तुझं तिच्या कानावर गेलं ते तिच्यावर ढकलल्यासारखं, आणि तिचं तुझ्या कानावर आलं तेही तसंच. दोघींना समज दिली गेली आणि प्रकरण मिटलं. प्रकरण मिटलं म्हणजे कागदावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तू हँडल फिरवलंस आणि म्हणालीस, "तुळजापूर बोलतंय. येतंय का?" ती म्हणाली, "येतंय." आणि तू कॉर्ड काढलीस. पुढं आपोआप लागणारे फोन येऊन बोर्ड निघेपर्यंत रोज एवढंच. भाकरी झाली का हे कुणी कुणाला विचारलं नाही. घरी मी एकदा तिचा विषय काढला तर तू ताटावरून उठलीस. त्यानंतर तिचं नाव आपल्या घरात निघालं नाही.

तू गेल्यावर काही वर्षांनी पुण्यात आम्हाला हे काम शिकवायला घेतलं. शिकवणाऱ्यानं फळ्यावर गोल काढले आणि सांगितलं की वाटेची खबर एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडं जाताना ज्याच्या ज्याच्या हातून जाते त्या प्रत्येकाचं नाव तिला चिकटत जातं. आणि अशा खबरीत डीमनला आपलंच नाव दिसलं की तो ती घेत नाही; ही आपल्याच दारातून निघून फिरून आली, हे त्याला कळतं. त्यानं आम्हाला आज्ञा टाइप करायला लावली. पडद्यावर ओळीनं नावं आली, कुणाकडून कुणाकडं. बाकीचे लिहून घेत होते. मी उठून बाहेर गेले आणि नळाशी उभी राहून रडले. एवढंच हवं होतं, आई. घे म्हणताना ‘तुळजापूरवरून’, एवढा एक शब्द. तुमच्यातली एकही चुकली नव्हती. दोघींनी शेजारणीवर विश्वास ठेवला होता आणि दोघी खरं बोलत होत्या, तरीही कॉल गोल फिरला. हे होतं, जगभर होतं, शिकल्यासवरल्यांच्या हातून होतं, हे तुला सांगायला मला किती आवडलं असतं. तू त्या बाकावरच्या माणसाला आणि नळदुर्गच्या बाईला दोघांनाही मनात तसंच घेऊन गेलीस. मला ते वेळेत कळलं नाही, यात माझा दोष नाही हे मला पटतं. पण जीव तुटायचा थांबत नाही.

कधीकधी शेजारी दाखव म्हटल्यावर एखादा असा दिसतो, की जोडलेला आहे, कित्येक महिन्यांपासून जोडलेला आहे, ठरलेल्या वेळी दोघंही ‘आहे, आहे’ म्हणतात, आणि त्याच्याकडून आलेल्या वाटा शून्य. पोरं म्हणतात, मॅडम, हा देखरेखीच्या पडद्यावर हिरवाच आहे, हात कशाला लावायचा. मी चिडते. हिरवा असला म्हणून काय झालं, त्याच्याशी आपलं बोलणं आहे का? शेजारी बंद करायची आज्ञा असते ना, तिच्यापुढं कारण लिहिता येतं. एकच ओळ, पण ती पलीकडच्याला दिसते: दुरुस्ती आहे, संध्याकाळी सुरू करतो. पोरं आळस करतात. माझ्या हाताखाली मात्र ती ओळ लिहिल्याशिवाय कुणी कुणाला बंद करत नाही. का, ते मी त्यांना सांगत नाही.

मागच्या महिन्यात नळदुर्गला एका लग्नाला गेले. पोस्टात विचारलं, तर एका म्हाताऱ्या लाईनमननं घर दाखवलं. ती आहे, आई. वाळून काटकी झाली आहे, ऐकायला कमी येतं. ती, आणि ऐकायला कमी! मी तुळजापूरच्या बाईची मुलगी, ती जाऊन बरीच वर्षं झाली, असं म्हटल्यावर तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. सुनेला हाक मारून चहा ठेवायला लावला. माझे मार्क विचारले, दहावीचे! मग मान खाली घालून म्हणाली, "तुज्या आईनं माज्यावर लई राग धरला आसंल न्हाय? रोज सकाळी वाटायचं, आज बोलंल. म्या बी तोंड उघडलं न्हाय. आसं कसं झालं आसंल गं?"

मी तिला शांतपणे सगळं समजावून सांगायचं ठरवून गेले होते. फळ्यावरचे गोल, चिकटलेली नावं, कुणाचीच चूक नव्हती हे. त्यातलं काही सांगितलं नाही. तिला ते नको होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि तिनं विचारलं, "जाताना काय बोलली का माज्याबद्दल?"

तू तिचं नाव काढलं नव्हतंस. शेवटच्या दिवसांतही नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार नाही म्हणून लिहिते आहे. मी तिला म्हणाले, हो, बोलली. नळदुर्गला सांग म्हणाली, माझं चुकलं. ती पदर तोंडाला लावून रडली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. आई, तुझ्या नावानं मी तिची माफी मागून आले आहे, तुला न विचारता. तू रागावशील, रागाव.