पहिला पिवळा थेंब

धावजी काका, जय सेवालाल.

पुसदच्या स्टँडवर ढाणकीची बस लागायची वाट पाहून राह्यली. तुझ्यासमोर तोंड उघडन का नाही, भरोसा नाही, म्हणून लिहून राह्यली.

काल नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत एक लिव्हर आलं. कोणाले बसवण्यासारखं नव्हतं, म्हणून मेलेल्याच्या घरच्यांनी अभ्यासाले देलं. आम्ही ते मशीनवर ठेवून त्यात रक्त फिरवलं. मातीसारखं होतं, ते हळूहळू लाल झालं. सगळ्यांचे डोळे बारीक नळीवर, कारण पित्त आलं तरच लिव्हर काम करून राह्यलं म्हणायचं. अन् काका, आला पिवळा थेंब. माझ्या तोंडून निघून गेलं, "उतरली." डॉक्टर म्हणे, "काय उतरली?"

तो शब्द तुझा. बाच्या डोक्यावर तू काविळीची माळ ठेवलती. ती वाढत वाढत गुडघ्यापर्यंत आली, तेव्हा तू हेच म्हणलतं, "कावीळ उतरली." आठवड्यात बा गेला. तवापासून मी तुझ्या दारात पाय ठेवला नाही. पण काल समजलं, तुलेही तेव्हा असाच आनंद झाला असन.

तांड्यात कोणाचे डोळे पिवळे दिसले तर खुशाल माळ घाल. पण त्याच दिवशी त्याले बसमध्ये बसवून माझ्याकडे पाठव.

बस लागली. अन् आत्ता आठवलं, तुले कुठं वाचता येते. आता तर बोलावंच लागन.

तुझ्यावर रुसलेली पुतणी,
वर्षा