आवळलेले दोर

बोटीवरून,
६ मे

तीर्थरूप ताईस,
गुडघ्याला धक्का नको म्हणून लांबूनच नमस्कार.

ऑपरेशन नीट झालं, हे दाजींनी फोनवर सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. आई म्हणते, "फोनवर ती 'बरी आहे' एवढंच म्हणते आणि ठेवून देते. तू पत्र लिही. पडल्या पडल्या वाचायला तरी होईल." म्हणून हा खटाटोप. ती समोर बसून मजकूर सांगते आहे, मी त्यातला निम्माच लिहितो आहे. उरलेला निम्मा माझ्याबद्दल आहे.

माझ्या या राहत्या बोटीत पहिलं पाऊल टाकल्यावर तिने इकडून तिकडे पाहिलं आणि विचारलं, "ही खोली आहे की बोळ?" मी म्हटलं, बोळ म्हण, पण चालता बोळ आहे. त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच तू कुठे टिकत नाहीस." आल्याआल्या माझे रंगाचे डबे तिने उंचीप्रमाणे लावले. आता मला पांढरा सापडत नाही.

तुझी सतरा सूचनांची यादी मी कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. गोळ्या वेळेवर, पाणी कोमट, एकटीला उठू द्यायचं नाही. आई येता-जाता यादीकडे बघून म्हणते, "ही माझी मुलगी आहे की हेडमास्तरीण?" पण परवा एक गोळी द्यायला मला उशीर झाला, तर तिनेच यादीवर बोट ठेवलं.

या महिन्यात कालव्याकाठच्या प्रत्येक गावात उन्हाळी उत्सव असतात, तेव्हाच माझा धंदा. उत्सवाआधी प्रत्येक बोटवाल्याला आपल्या बोटीवरचं नाव नव्याने रंगवून हवं असतं. आई काठावर खुर्ची टाकून बसते आणि माझ्या अक्षरांवर देखरेख करते. काल एका गिऱ्हाईकासमोर म्हणाली, "शेवटचं अक्षर जरा पोटात गेलंय." गिऱ्हाईकाला पटलं. मला पुसून पुन्हा काढावं लागलं.

शेजारच्या गावच्या उत्सवाला आईला नेलं. तिथे बँड आला होता, पोहण्याची शर्यत झाली, कागदी फुलांनी सजवलेल्या बोटी एकामागून एक गेल्या. ढोल वाजवणारा गृहस्थ ढोलापेक्षा रुंद होता आणि प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होता. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ताई, तिला असं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं हे मोजायला गेलो आणि सोडून दिलं. अकरा वर्षं ती तुझ्याकडे आहे. मी पाहुण्यासारखा येतो, दोन दिवस लाड करून घेतो आणि निघतो. हे सहा आठवडे तू मला दिलेस.

एकच तक्रार होती, ती मिटवली. शेजारून दुसरी बोट गेली की आपली हलते. पहिले चार दिवस त्याने तिला मळमळायचं, पोटात अन्न ठरेना. मग मी दोर पुढून, मागून आणि मधूनही काठाच्या खुंट्यांना असे आवळून बांधले की बोट जागची हलेना. आई म्हणाली, "आता कसं घरात बसल्यासारखं वाटतं." आणि दोन वेळा पोटभर जेवली. तू निश्चिंत राहा.

तुझा लाडका (हे आईने सांगून लिहवलेलं नाही),
धाकटा


इस्पितळातून,
२७ मे

तीर्थरूप ताईस,
नमस्कार.

दाजींना मी फोनवर सांगितलंच आहे, तरी पुन्हा सविस्तर लिहितो. आई चोवीस तारखेला दुपारी बोटीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं आहे. इथले डॉक्टर चांगले आहेत. थोड्या दिवसांत ऑपरेशन करायचं म्हणतात, पण छातीत जरा कफ आहे तो आधी कमी व्हायला हवा.

खोली स्वच्छ आहे. चार पलंग, चौघींच्या मधे निळे पडदे. शेजारच्या पलंगावरच्या बाई शिक्षिका होत्या, आईशी त्यांचं चांगलं जमलं आहे. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते. नर्सबाई दर चार तासांनी येतात. जेवण अगदीच बेचव नाही.

इथल्या गावचा उत्सव त्याच दिवशी होता. यंदा साठ बोटी आल्या होत्या, एवढ्या कधीच येत नाहीत. एका कुटुंबाने बोटीवर सगळी बागच उभी केली होती, खरी झाडं, खरी माती, त्यांनाच पहिलं बक्षीस मिळालं. त्या बोटीवरचं नाव मी रंगवलं होतं. मी हे तुला का सांगतो आहे कोण जाणे.

तू यायची घाई करू नकोस. तुझ्या डॉक्टरांनी सहा आठवडे प्रवास नको म्हटलंय, ते पाळ. इथे गाडीने यायचं म्हणजे सात तास पाय दुमडून बसायचं. उगाच तुझं नवं दुखणं नको. आईसुद्धा हेच म्हणते. ती आता झोपली आहे. सध्या मजकूर सांगत नाही, म्हणून पत्र असं कोरडं झालं आहे.

माझ्या बोटांना लागलेला हिरवा रंग अजून निघालेला नाही. टर्पेंटाइन बोटीत आहे आणि बोटीत जायला होत नाही.

तुझा,
धाकटा


बोटीवरून,
१९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र परवा पोचलं. चार वेळा वाचलं. फोन करावा म्हणून दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर तू रडतेस, मी "हं" म्हणतो आणि मग दाजी फोन घेतात. असं दोन महिने चाललं आहे. म्हणून लिहितो.

तू लिहिलंस, 'माझ्या गुडघ्यापायी मी आईला पाठवलं. मला महिनाभर मोकळीक हवी होती, हे खरं आहे. त्या मोकळिकीने आई गेली.' पुढे लिहिलंस की तुला आता तो गुडघाच बघवत नाही, म्हणून व्यायामही सोडून दिलास.

ताई, तू आईला पाठवलंस म्हणून ती गेली नाही. ती घसरलीही नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं. आता जसं झालं तसं सांगतो.

पाण्यावर राहणारा माणूस पहिली गोष्ट शिकतो ती ही, की दोर सैल बांधायचा. कालव्याला जागोजागी दरवाजे असतात. बोटी खाली उतरवायला ते उघडले की वरच्या भागातलं पाणी खाली जातं. एकदोन बोटींनी काही होत नाही. पण उत्सवाच्या दिवशी एकामागून एक बोटी उतरतात, दरवाजे सारखे उघडतात, आणि दुपारपर्यंत पाणी हातभर खाली जातं. दोर सैल असला तर बोट पाण्याबरोबर खाली जाते. आवळलेला असला तर काठाकडची बाजू खुंट्याला लटकून राहते आणि दुसरी बाजू पाण्याबरोबर उतरते. हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. नवख्यांना मी हे दटावून सांगतो.

चोवीस तारखेला सकाळी शेजारच्या बोटीवरचा म्हातारा, ज्याला आम्ही सगळे कप्तान म्हणतो, मुद्दाम सांगायला आला. "आज दिवसभर दरवाज्यांची उघडझाक आहे. दोर सैल सोड रे."

मी म्हटलं, "सोडतो."

आत आलो तर आई नाश्ता करत होती. सैल केला की पुन्हा हलणार, पुन्हा तिचं खाणं सुटणार. जेवण होऊ दे, मग सोडू, असं मनात म्हटलं. मग ती जेवली आणि काठाकडच्या पलंगावर आडवी झाली. तो पलंग मीच तिला दिला होता, पडल्या पडल्या खिडकीतून उत्सव दिसावा म्हणून. मी निघालो तेव्हा म्हणाली, "कुठे?"

"अर्ध्या तासात येतो. त्या बागवाल्यांच्या बोटीवर नावाभोवती पानं काढायची राहिलीत."

"अर्धा तास म्हणजे तुझा की घड्याळाचा?"

मी हसलो आणि गेलो. पानं वीस मिनिटांत झाली. पण लोक जमले, वा वा म्हणायला लागले, कुणीतरी म्हणालं, एक वेलही काढा ना. कौतुक दिसलं की मी घर विसरतो, असं तू लहानपणापासून म्हणत आली आहेस. मी वेल काढली. वेलीला फुलं काढली. दोन तास गेले. दोराची आठवण एकदाही झाली नाही. खोटं कशाला बोलू, झाली होती. एकदा झाली होती, आणि हे एवढं फूल पुरं करू, असं मी म्हटलं.

कप्तान धावत आला. आमची बोट एका अंगावर कलली होती. आत डबे, भांडी, तुझी यादी लावलेलं कपाटाचं दार, सगळं पलीकडच्या भिंतीशी जाऊन पडलं होतं आणि त्यात आई. ती स्वतःहून उठली नव्हती, ताई. तुझी सूचना तिने पाळली होती. ती झोपेतच पलंगावरून घरंगळली.

मी तिला उचलायला वाकलो तेव्हा माझ्या हाताला हिरवा रंग होता. तिने तो पाहिला. अँब्युलन्स यायच्या आत ती मला म्हणाली, "ताईला सांगायचं, मी घसरले."

मी म्हटलं, "आई, असं कसं..."

"मी घसरले. ती तुझ्याशी जन्मात बोलणार नाही रे. मग तुला कोण राहिलं?"

नर्सला, डॉक्टरांना, शेजारच्या शिक्षिकाबाईंना, सगळ्यांना तिने तेच सांगितलं. दुखण्याने ओठ पांढरे पडले होते आणि तरी खुलवून सांगत होती, सपाता कशा गुळगुळीत होत्या आणि ती कशी हट्टी आहे. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. मला ते सोयीचं होतं.

आणि तुला येऊ नकोस असं मी लिहिलं, ते तुझ्या गुडघ्यासाठी नव्हतं. तू आलीस तर माझं तोंड बघून ओळखशील, या भीतीने लिहिलं. आईने 'येऊ नको' असं कधीच म्हटलं नाही. ती रोज विचारायची, "तिची गाडी कधीची आहे?" मी सांगायचो, उद्याची. असे आठ दिवस मी तिला उद्या सांगितला. तेवढ्यात छातीतला कफ वाढत गेला आणि ऑपरेशन राहूनच गेलं. तू पाच जूनला पोचलीस, एक दिवस उशिरा. तो उशीर तुझा नाही. माझा आहे.

त्या कॉरिडॉरमध्ये तू आधी आईवर चिडलीस. "कितीदा सांगितलं होतं, एकटी उठू नकोस म्हणून. ऐकेल तर शपथ!" मग बाकावर बसलीस आणि म्हणालीस, "मीच पाठवलं तिला." मी तुझी पिशवी हातात धरून उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आईचं खोटं मी सांभाळलं असतं, तर तुझा भाऊ राहिलो असतो. पण तू माझी चूक उचलून घेऊन बसली आहेस, आणि अकरा वर्षं तिची गोळी न गोळी सांभाळणाऱ्या तुला ती उचलताना मला बघवत नाही. आईने माझा विचार केला. तुझं काय होईल, हे तिच्या त्या वेळी ध्यानात आलं नसेल. किंवा तू सगळं पेलतेस, अशी आम्हा दोघांनाही सवयच झाली होती.

आणखी एक तुझं माझ्याकडे राहिलं आहे. चार तारखेला सकाळी, उन्हं पडद्यावर आली होती तेव्हा, तिने डोळे उघडले आणि मला तुझ्या नावाने हाक मारली. मी म्हटलं नाही, आई, मी आहे. तिला ऐकू गेलं नाही. तिने माझा हात ओढून पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "आलीस ना? बस. पाय लांब करून बस. आता दुखतो का गं?"

मी म्हटलं, "नाही आई. आता मुळीच दुखत नाही."

"मग झालं," असं म्हणाली आणि डोळे मिटले. नंतर बोलली नाही. तो प्रश्न तुला होता आणि उत्तर मी देऊन बसलो, तेही खोटं. ते खरं करणं आता तुझ्या हातात आहे. व्यायाम सुरू कर, ताई. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण पाय लांब करून बस.

आईचा शब्द मोडून,
तुझा भाऊ