मी उलटे बसवायला लावलेले शॉकअप

आप्पा, तुमच्या गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि मी अजून तुमचं नाव सांगून घरात रुबाब करते. अक्षर वाकडं येतंय, पण चौथीतून शाळा तुम्हीच सोडवली, तेव्हा त्यावर बोलायचं नाही.

माझी सून एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्तीला जाते. तिचे वडीलही मागाचेच फिटर. तिनं स्वतःच्या हातानं चारचाकी गाडी जोडायला घेतली. सांगाडा आणि सुटे भाग खोक्यांतून आले, मागच्या अंगणात विटांवर सांगाडा ठेवून सुट्टीच्या दिवशी तिची खुडबुड चालायची. मी म्हणायचे, आज गाडी जोडतेस, उद्या विमान जोड, मग भाकरी वरनं टाक आम्हाला. ती हसायची आणि पाना फिरवायची. मागच्या चाकांचे धक्के झेलणारे शॉकअप बसवायची वेळ आली तेव्हा मी पायरीवर शेंगा फोडत बसले होते. तिनं कागदावरचं चित्र बघून जाड नळकांडं खाली आणि बारीक दांडी वर धरली. मला राहवलं नाही. म्हटलं, उलटं लावतीस, दांडी खाली पाहिजे. तिनं कागद पुढं केला. मी म्हटलं, "कागद ठेव तिकडं. माझ्या बापानं उभा जन्म ट्रक दुरुस्त केले. त्यांनी शिकवलंय मला." तिनं कागद विटेखाली सारला. माझा शब्द तिनं कधी खाली पडू दिलेला नाही, तोही नाही दिला. दोन्ही टोकांना सारखीच भोकं, त्यामुळं उलटे बसलेही.

पहिल्यांदा गाडी काढायची म्हणून गल्ली गोळा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ मीच फोडला. ती चालवायला, माझा लेक शेजारी. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरनं गेली आणि गाडीचा मागचा भाग जो वर-खाली हिंदकळायला लागला, तो थांबेचना. पोरं टाळ्या पिटत मागं पळाली. कशीबशी वळवून आणली. लेकानं खाली वाकून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "शॉकअप उलटे लावलेत हिनं. एवढं चित्र काढून दिलेलं दिसत न्हाय तुला? तरी म्हणत हुतो, बायकांचं काम न्हाय हे." सुनेनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चुकलं माझं." माझ्या हातात खोबऱ्याचं ताट होतं. मी खोबरं वाटत राहिले, आप्पा.

दुपारी ती एकटीच ते उतरवत होती. मी चहा घेऊन गेले. मान वर न करता म्हणाली, "आत्या, तुमच्या वडलांच्या काळात येगळे असतील." मला वाट करून दिली तिनं. मी म्हटलं, "व्हय, येगळेच हुते." आणि तिथंच आठवलं मी काय बघितलं होतं ते. तुमच्या मागच्या भिंतीला खिळ्यांवर शॉकअप टांगलेले असायचे, दांडी खाली करून. गळके, टाकाऊ, तेल निथळायला लावलेले. तुमची भाकरी घेऊन आले की मला दारातनं तेवढंच दिसायचं. आत कुठं येऊ दिलं तुम्ही? एकदा पाना उचलला तर हिसकावून घेतलात आणि म्हणालात, पोरीच्या जातीनं हितं पाय ठेवायचा न्हाय. तुम्ही मला काही म्हणजे काही शिकवलं नाही. जे दिलंच नाही ते तुमचं म्हणून मी तिच्या माथी मारलं, आणि तुमचंच वाक्य माझ्या लेकानं तिला ऐकवलं तेव्हा गप बसले. तुमच्यावर राग धरायचा म्हटलं तर आता तोंड कुठं आहे मला.

गाडी आता छान चालते. लेक मात्र येईल त्याला उलट्या शॉकअपची गोष्ट सांगतो. हा कागद कुठं धाडायचा नाही, दळणाच्या डब्याखाली घालून ठेवणार. काल तिचे वडील आले होते. लेकानं त्यांनाही हसत हसत सांगितलं. म्हाताऱ्यानं जन्मभर यंत्रं जोडली, लेकीला तेच शिकवलं; त्यांची मान खाली गेली. म्हटलं आता सांगावं. तोंड उघडलं, आणि त्यांना विचारलं, चहात साखर कमी तर न्हाय पडली?